समुद्र असा नसतो!

समुद्राचं चित्र काढण्याचा पहिला हक्क बुलढाणा जिल्ह्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. हसा, खुशाल हसा. जळंबच्या प्लॅटफॉर्मवर एका सद्गृहस्थांना हे मत मी ऐकवलं, तेव्हा तेही आधी हसले आणि मग माझ्यापासून दोन हात सरकून उभे राहिले. त्यांचाही दोष नाही. शेगावहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला, म्हणजे खुद्द बुलढाण्याला, रेल्वेचं स्टेशनसुद्धा नाही, तिथे समुद्र कुठून असणार?

खाऱ्या पाण्याचं म्हणाल, तर त्याला मात्र आमच्याकडे तोटा नाही. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे ते पाणी विहिरीला लागतं आणि मग माणसाच्या मूत्रपिंडाला लागतं. तिकडचे एक परिचित मला दर दिवाळीला विचारतात, "खारं पानी पाह्याले मुंबईले कायले जाता भौ? आमच्या इहिरीवर या ना." त्या विनोदावर हसताना जरा जपूनच हसावं लागतं.

तर मुद्दा हक्काचा. आमच्या बँकेत रत्नागिरीकडचे एक साहेब बदलून आले होते. मी डब्याच्या सुट्टीत जुन्या स्लिपांच्या पाठीवर समुद्र काढत बसतो हे त्यांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, "तुम्हा लोकांना काय कळणार हो समुद्र!" मी विचारलं, "तुमचं घर समुद्रापासून किती लांब?" म्हणाले, "हाकेच्या अंतरावर." मी म्हटलं, "शेवटचा कधी पाहिलात?" साहेब घास हातात धरून विचार करू लागले. शेवटी म्हणाले, "पाहायचा काय त्यात? असतोच की तो."

हेच ते! ज्यांना समुद्र असतोच, ते तो पाहत नाहीत. जन्मात एकदा, फार तर दोनदा, ज्यांच्या वाट्याला येतो ते त्याला आयुष्यभर आठवत राहतात. आणि चित्र हे असण्यातून निघत नाही, आठवण्यातून निघतं. आमच्या जिल्ह्यात माणसाच्या आधी समुद्र पाहिला तो कापसाने. १८७० साली लॉर्ड मेयो जातीने खामगावला येऊन रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन करून गेला, तो काही गावकऱ्यांना चौपाटीची भेळ खाता यावी म्हणून नव्हे. गाठी मुंबईच्या बंदरातून विलायतेला गेल्या. पिकवणारे वावरातच राहिले. त्यामुळे समुद्राच्या बाबतीत आमची थकबाकी फार जुनी आहे, आणि ती वहीवर वसूल करायला आम्ही मोकळे आहोत.

पण वसूल करू देत नाहीत ना! समुद्र कसा काढायचा हे आधीच ठरवून ठेवलेलं आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला समुद्र काढायला सांगा. आडवी रेघ. रेघेवर अर्धा सूर्य, त्याला झाडूच्या काड्यांसारखे किरण. डावीकडे एक नारळाचं झाड, ते नेहमी पाण्याकडे झुकलेलं, जणू त्याचं काहीतरी पडलंय. मध्ये त्रिकोणी शिडाची होडी, तिच्यात कुणीही नाही. आणि आकाशात बाकदार रेघांचे चार पक्षी. त्या मुलाने समुद्र पाहिलेला असो वा नसो, चित्र तेच. पाहून आल्यावरही तेच! म्हणजे समुद्रावर जायचं, भिजायचं, कणीस खायचं, नाकातोंडात पाणी जाऊन रडायचं आणि घरी येऊन कॅलेंडरवरचा समुद्र काढायचा.

मी सातवीत होतो तेव्हा सहलीहून आल्यावर समुद्र काढला. मातकट काढला, कारण तो मातकट होता. लाटा उभ्या नव्हत्या, धावत आल्यासारख्या होत्या, म्हणून आडव्या-तिडव्या रेघा ओढल्या. आमच्या चित्रकलेच्या सरांनी वही वर्गापुढे धरली आणि विचारलं, "हा समुद्र आहे का पूर आलेली पूर्णा?" वर्ग खो खो हसला. शेरा मिळाला 'क'. आज विचार करतो तेव्हा वाटतं, सरांनी चित्र अगदी बरोबर ओळखलं होतं! ज्याने जन्मात मोठं पाणी म्हणून पूर्णेचा पूरच पाहिला, त्याला समुद्रात दुसरं काय दिसणार? आमचा समुद्र पूर्णेसारखा दिसणं ही चूक नाही. तो आमचा असल्याची ती सही आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडे या विषयाची चक्क सरकारी परीक्षा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. काय सुंदर शब्द आहे! स्मरणचित्र. आठवा आणि काढा. प्रत्यक्षात काय होतं? क्लासमध्ये तीन माणसं पाठ करून घेतात. एक पिशवी घेतलेला, एक वाकलेली बाई, एक फुगा धरलेलं पोरगं. प्रश्नपत्रिकेत बाजार आला की ही तिघं बाजारात उभी. बसस्टँड आला की बसस्टँडवर. समुद्रकिनारा आला की तीच तिघं वाळूवर, पिशवीसकट! पोरगं आयुष्यात कुठे गेलं, काय पाहून आलं, याची चौकशी नाही. स्मरणचित्रात स्मरण फक्त पाठांतराचं. आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांनाही त्या तिघांविषयी अपार जिव्हाळा.

आता रंगाकडे या. "पाणी निळं काढ!" हा हुकूम. कुणी दिला? कुठल्या कायद्याखाली? अलिबागला जाऊन पाहा. वाळू काळसर, ओहोटीला टणक. आमच्याकडच्या माणसाला तिथे पहिल्यांदा आठवतं ते नांगरून ठेवलेलं वावर. पावसाळ्यात आपला पश्चिम किनारा गढूळ चहाच्या रंगाचा असतो. आणि पाण्याने कोणता रंग घ्यावा हे माणसाने सांगू नये, याचा पुरावा आमच्या जिल्ह्यातच आहे. लोणारचं सरोवर, खारं आणि अल्कधर्मी, एरवी हिरवट. २०२० च्या जून महिन्यात ते गुलाबी झालं. चांगलं लग्नाच्या फेट्यासारखं गुलाबी! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं की खारेपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा हा रंग आहे. मी म्हणतो, त्याच्या आदल्या वर्षी लोणारच्या एखाद्या पोराने परीक्षेत ते तळं गुलाबी रंगवलं असतं, तर काय झालं असतं? 'क'. तळ्याला मात्र कुणी 'क' देऊ शकलं नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत गेलं.

आणि तो निळा रंग तरी कुठला? रंगाच्या पेटीत 'अल्ट्रामरीन' नावाची वडी असते. शब्दाचा अर्थच मुळी 'समुद्रापलीकडचा'. युरोपात तो समुद्रापलीकडून येई, म्हणून हे नाव. मूळचा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातला. तिथे समुद्र आहे? आमच्या मेहकर-चिखलीला आहे तितकाच! म्हणजे जगाने समुद्र रंगवला तो समुद्र नसलेल्या डोंगरातल्या दगडाने. मग आम्हीच काय घोडं मारलंय?

सरांचा काळ तरी बरा म्हणायची वेळ आता आली आहे. सरांना निदान रागवता येत होतं. मोबाइलवर कसं रागवायचं? गणपतीपुळ्याच्या वाळूवर संध्याकाळी उभे राहा. सहा-सातशे किलोमीटर प्रवास करून आलेली माणसं रांगेने समुद्राकडे पाठ करून उभी असतात आणि हात लांब करून स्वतःच्या फोनकडे बघून हसत असतात. समुद्र मागे बिचारा लग्नातल्या मांडवाच्या पडद्यासारखा. २०१९ साली आमच्या घरची मंडळी जाऊन आली ती चारशे बारा फोटो घेऊन. त्यातले तीनशे कुणाच्या तरी डोळे मिटण्यामुळे पुन्हा काढलेले. सगळ्यांचे डोळे उघडे असलेला फोटो मिळाला, पण समुद्र पाहायला कुणाचे डोळे उघडे होते, हे मात्र कळायला मार्ग नाही.

दुसरा नवा शत्रू म्हणजे हौसेचे वर्ग. आमच्या गावातही एक निघाला आहे. विषय, 'समुद्राच्या आठवणी'. चार तासांत रेझिन ओतून लाटा करून देतात, त्यावर तयार शिंपले चिकटवायचे आणि मागे घड्याळाचं यंत्र बसवायचं. सोळा बायका गेल्या आणि सोळा जणींनी एकच समुद्र घरी आणला. आमच्या सौभाग्यवतींनी आणलेला सध्या दिवाणखान्यात आहे. तो रोज सात मिनिटं मागे पडतो. "ही कुठल्या समुद्राची आठवण?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही मेलं सगळ्यातच खोट काढता." मी खोट काढत नाही. मी एवढंच म्हणतो की आठवण माझी आणि साचा दुसऱ्याचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. इतकी वर्षं बँकेत काढून एवढं तरी मला कळतं.

समुद्राकडे पाठ करणं मात्र मुळात वाईट नाही. करायची रीत पाहिजे. व्हिसलर नावाचा चित्रकार गेल्याच्या गेल्या शतकात लंडनला राहायचा. तो रात्री टेम्स नदीकाठी जाई, पाण्याकडे टक लावून बघे, मग वळून उभा राही आणि सोबत्याला सगळं तोंडी सांगे. दिवे कुठे, होडी कुठे, अंधार किती. चुकलं की पुन्हा बघायचं. नदीकडे पाठ करून तो नदी पाठ करायचा! आणि चित्र काढायचं ते दुसऱ्या दिवशी, घरी. ही युक्ती पॅरिसच्या लकोक नावाच्या एका शिक्षकाच्या शिकवणीतली. हा गृहस्थ विद्यार्थ्यांना वस्तू समोर न ठेवता आठवणीतून काढायला लावी. त्याच्या हाताखाली रोदँसारखा शिल्पकार तयार झाला. आमच्या स्मरणचित्राचे हे खरे पूर्वज. त्यांनी पिशवीवाला माणूस कुणाकडून पाठ करून घेतल्याचं ऐकिवात नाही.

टर्नरचंही तसंच. त्याने मागे सुमारे तीनशे स्केचबुकं ठेवली. कुठेही गेला की वही खिशात, चार रेघा, बस्स. बाकीचं घरी. १८४२ साली त्याने वादळात सापडलेल्या आगबोटीचं चित्र मांडलं, तेव्हा टीकाकार म्हणाले, हा साबणाचा फेस आणि चुन्याची सफेदी आहे. टर्नर सांगे, मी स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन ते वादळ पाहिलं. संशोधकांना ही कथा फारशी खरी वाटत नाही. नसेना का. त्याचा समुद्र बघताना आपल्या पोटात गलबलतं, हे तर खरं? आणि इतकं लांब कशाला! वासुदेव गायतोंडे जन्मले आमच्या विदर्भातच, नागपूरला, १९२४ साली. त्यांचं १९६१ सालचं निळ्या छटांचं एक चित्र २०२१ साली लिलावात जवळजवळ चाळीस कोटी रुपयांना गेलं. बघणाऱ्यांना त्यात समुद्राचं पाणी दिसतं. नारळाचं झाड नाही, होडी नाही, पक्षी तर नाहीतच. आमच्या सरांनी त्यालाही 'क'च दिला असता.

आणि माझा हुकमाचा पत्ता मी अजून टाकलेलाच नाही. बुलढाणा शहर ज्या डोंगरांवर वसलंय, ते अजिंठ्याचे डोंगर. तिथून लेणी जवळच. दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या कथेचं चित्र आहे. त्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे, पाण्यात मासे आणि जलचर आहेत. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा, म्हणजे पुन्हा समुद्र. पंधराशे वर्षांपूर्वी वाघूर नदीच्या कातळात, पणतीच्या नाहीतर परावर्तित उजेडात, कुणीतरी समुद्र रंगवत होतं. समोर समुद्र नव्हता. असेल ती स्वतःची जुनी आठवण, नाहीतर बंदरावरून आलेल्या एखाद्या व्यापाऱ्याची सांगोवांगी. निळा रंग त्याच बदख्शानकडच्या दगडाचा. त्या वेळी कुणी पाठीमागे येऊन "समुद्र असा नसतो" म्हणालं नाही, हे आपलं नशीब. म्हणालं असतं, तर आज तिथे भिंत असती.

हे वाक्य मी ऐकलं आहे, म्हणून इतका तावातावाने बोलतो आहे.

माझ्या आईने समुद्र एकदाच पाहिला. १९८६ साली, गिरगाव चौपाटीवर, दीड तास. तोच तो माझा 'क'वाला समुद्र. आम्ही सहा जण होतो. वडील, आई, आत्या, दोघी बहिणी आणि मी. चौपाटीवरच्या फोटोवाल्याने काढलेला फोटो घरात अजून आहे. त्यात पाच माणसं आहेत. आई नाही. २०१९ च्या सहलीला गुडघ्यांमुळे ती आली नाही, म्हणून ते चारशे बारा फोटो आम्ही तिला दाखवले. वीसेक पाहून तिने फोन परत दिला. "हे तं सारं निळं निळं हाय," एवढंच म्हणाली.

मग मी तिच्यापुढे मुलीची अर्धी राहिलेली चित्रकलेची वही ठेवली आणि तैलखडू दिले. रांगोळीशिवाय तिने जन्मात काही काढलेलं नाही. आधी "माह्या हातानं काय येते?" झालं. मग दुपारी सगळे झोपल्यावर बसली. संध्याकाळी पाहतो तो अर्ध्या पानावर चपला. मोठमोठ्या, जोडीजोडीने मांडलेल्या, एकेकीचा अंगठा-पट्टा नीट दाखवलेला. आणि वर, पार वर, रांगोळीच्या कडेसारखी वळणावळणाची एक बारीक रेघ. तो समुद्र. चपला मोजल्या. अकरा.

मी विचारलं, "आई, अकरा कशा?"

"एक गेली ना वाहून. तुह्या आत्याची. डाव्या पायाची."

"आणि समुद्र एवढासाच?"

"तुह्या बापानं सांगतलं, तू चपला सांभाळ. आता चपला पाहू का समुद्र पाहू?"

तेहतीस वर्षं त्या फोटोकडे बघून, आई त्यात का नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती फोटोच्या बाहेर बारा चपला राखत बसली होती. ते मला कॅमेऱ्याने सांगितलं नाही. त्या वाकड्यातिकड्या अकरा चपलांनी सांगितलं.

त्या आठवड्यात माझा भाचा पुण्याहून आला होता. कला शिकलेला, गुणी मुलगा. त्याने वही पाहिली आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "आजी, समुद्र असा नसतो. जवळची वस्तू मोठी दिसते हे बरोबर, पण क्षितिज इतकं वर नाही जात." आणि पेन्सिलीने बाजूला क्षितिज काढून दाखवलं. अचूक होतं. आई म्हणाली, "असंन बापा. तू शिकेल आहेस." आणि तिने वही मिटली. ती मिटलीच.

माझं भांडण आहे ते इथे. सरांशी नाही, भाच्याशी नाही, घड्याळाशी तर नाहीच. त्या वाक्याशी आहे. "समुद्र असा नसतो" हे वाक्य शंभर टक्के खरं असतं आणि तरीही ते बोलू नये. कारण समुद्र कसा असतो हे सांगायला भूगोलाची पुस्तकं आहेत, नौदलाचे नकाशे आहेत, आता तर उपग्रहही आहेत. पण एका बाईच्या वाट्याला तो किती आला, हे सांगायला त्या वहीशिवाय दुसरं काही नाही. तिचं क्षितिज वर गेलेलं नव्हतं. खाली चपला होत्या, म्हणून ते वर ढकललं गेलं होतं. चूक चित्रात नव्हती, चित्रकाराला नेमून दिलेल्या कामात होती.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कुणी समुद्रावरून येईल, तर एवढं करा. आठ दिवस फोटो उघडू देऊ नका. साधी वही द्या, महाग नको, महाग वहीची भीती वाटते. पहिल्या दिवशी डोळे मिटून नुसता लाटेचा आवाज रेघेने काढायला सांगा. डोळे मिटल्यावर हात आपोआप खोटं बोलायचा थांबतो. फेस हवा असेल, तर पांढरी मेणबत्ती कागदावर घासा आणि वरून पातळ जलरंग फिरवा. मेणावर रंग धरत नाही, फेस आपोआप उरतो. तुषार हवे असतील, तर दात घासायचा जुना ब्रश आहेच. आणि रंग ओला असताना त्यावर चिमूटभर जाडं मीठ टाका. मिठाचा खडा रंग ओढून घेतो आणि वाळल्यावर कागदावर फुटलेल्या लाटेसारखी नक्षी उमटते. समुद्राचं चित्र मिठाने होतं, यात मला तरी न्याय वाटतो. बाजूला बसचं तिकीट चिकटवा, कणसाचा भाव लिहा, कोण कुणावर ओरडलं ते लिहा. रंग हवा तो. मातकट, गुलाबी, वावरासारखा काळा.

आणि चित्र पूर्ण झालं की घरातल्या शहाण्या माणसाला तेवढं बाजारात पाठवा. शेगावला गेला तर उत्तम, कचोरी तरी येईल. त्याच्या तोंडात काहीतरी असलेलं बरं.